द्वारकाकाकूंची पाच भविष्यं

"पुढचा फोन सांगलीतूनच आहे, शास्त्रीजी," मी माइकमध्ये गोड आवाज काढून म्हणाले आणि दुसऱ्या हाताने पाटीवर खडूने लिहिलं : साखर, बी.पी., एकुलता मुलगा, लग्न ठरतंय.

पाटी म्हणजे खरोखरची, शाळेतली, लाकडी चौकटीची पाटी. ती कॅमेऱ्याच्या भिंगाखाली बरोबर वीतभर अंतरावर उभी केलेली असायची. भविष्यभास्कर प्रभंजनशास्त्री दर गुरुवारी पुण्याहून यायचे आणि सकाळी अकरा वाजता आमच्या कृष्णाई केबल वाहिनीवर लाइव्ह भविष्य सांगायचे. त्यांच्याकडे म्हणे मुंबईच्या नट्या रांग लावायच्या. आमच्याकडे रांग फोनवर लागायची, आणि तो फोन आधी माझ्याकडे यायचा. मी माणसाला पाच मिनिटं थांबवून ठेवायची. "ताई, तोवर सांगा ना, काय अडचण आहे? घरी कुणाला बरं नसतं का?" माणसं भडाभडा बोलायची. मी त्यातलं कामाचं तेवढं पाटीवर उतरवायची. मग शास्त्रीजी जन्मतारीख विचारायचे, पंचांगावर बोटं टेकायचे, डोळे मिटायचे, उघडायचे आणि थेट कॅमेऱ्यात बघून म्हणायचे, "तुमच्या घरात कुणाला तरी पोटाचा त्रास आहे." पलीकडून "अगंबाई" ऐकू यायचं.

"आरपार जाते हो त्यांची नजर," असं बायका मंडईत बोलायच्या. नजर पाटीपर्यंत जायची आणि तिथेच थांबायची, हे मला, शास्त्रीजींना आणि वाहिनीचे मालक उमराणीसाहेब यांनाच माहीत होतं.

ही दोन हजार एक सालची गोष्ट. मी चोवीस वर्षांची होते. या प्रकारात काही वाईट आहे असं मला वाटायचं नाही. लोकांना जरा धीर येतो, शास्त्रीजींचा मान राहतो, माझी नोकरी राहते, कुणाचं काय बिघडतंय, असा माझा हिशेब होता.

त्या गुरुवारी फोनवर होत्या द्वारकाकाकू, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासूबाई. त्यांचा शिरीष वीज मंडळात होता. आमचं आम्हीच ठरवलं होतं, दोन्ही घरांनी फारशी खळखळ न करता हो म्हटलं होतं, आता फक्त तारीख काढायची राहिली होती.

"वृषाली, मीच गं," काकू म्हणाल्या. "मार्गशीर्ष बरा की माघ, एवढंच विचारते. बघू तरी तुझा बुवा काय म्हणतो."

मला इतका आनंद झाला की मी जरा जास्तच लिहिलं. काकू त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, साखर चढलेली असायची आणि गोळ्या घ्यायचा कंटाळा. म्हटलं, शास्त्रीजींनी चार शब्द तब्येतीबद्दल सांगितले तर निदान त्यांचं ऐकतील.

शास्त्रीजींनी काकूंची तारीख विचारली, मग होणाऱ्या सुनेची, म्हणजे माझी विचारली. डोळे मिटले. गेल्याच आठवड्यात त्यांनी ज्या नटीला जुळी होतील म्हणून सांगितलं होतं तिने नवऱ्याला सोडल्याची बातमी छापून आली होती, त्यामुळे त्या दिवशी त्यांना काहीतरी वजनदार बोलायचंच होतं. डोळे उघडून त्यांनी पाटी वाचली.

"बाई, आपल्याला मधुमेह आहे. मन घट्ट करा. ही मुलगी या घरात आली, तर वर्षाच्या आत घरातली ज्येष्ठ स्त्री राहणार नाही. स्पष्ट मृत्युयोग आहे."

माझ्या हातातला खडू मोडला. मग काकू म्हणाल्या, "बरं." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुपारपर्यंत सगळ्या गल्लीला ही बातमी तोंडपाठ झाली होती. संध्याकाळी शिरीष आमच्या ऑफिसच्या जिन्यात येऊन बसला.

"आई म्हणते, हे लग्न होणार नाही."

"घाबरल्या का त्या?"

"आई? चौतीस वर्षं तिनं नर्स म्हणून बाळंतपणं केलीयत. अपरात्री एकटी सायकलवरनं जायची. ती कशाला घाबरत नाही. विचारलं तर म्हणते, विषय संपला."

"मग आपण काय करायचं?"

"तिच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही आणि तुला सोडून दुसऱ्या कुणाशी करणार नाही," तो म्हणाला. "म्हणजे दोन्ही बाजूंनी माझंच भारनियमन."

तो वीज मंडळात भारनियमनाचं वेळापत्रक काढायचा. कुठल्या भागातली वीज किती वाजता जाणार ते तो आधी लिहायचा आणि ती मिनिटाला मिनिट जायची. गावात खरं ठरणारं भविष्य सांगणारा तो एकटाच होता, पण त्याला कुणी शाल घातली नाही.

मी रात्रभर रडले आणि सकाळी संतापले. काकूंना हा बुवा किती खोटा आहे ते दाखवायचं, मग त्या येतील ताळ्यावर, असं मी ठरवलं. ऑफिसच्या कपाटात दीड वर्षाच्या कार्यक्रमांच्या कॅसेट पडून होत्या. त्यातल्या चौदा मी पिशवीत भरल्या आणि रविवारी दुपारी काकूंच्या दारात उभी राहिले. शिरीषने दोन ते पाच वीज राहील असं सांगितलं होतं.

काकू मला बघून हसल्या नाहीत, पण दार लावूनही घेतलं नाही. "चहा ठेवते. तोवर काय आणलंयस ते लाव," म्हणाल्या.

पहिल्या कॅसेटमध्ये शास्त्रीजींनी सांगितलं होतं की यंदा नदीचं पाणी बाजारपेठेत शिरेल. एका कापडवाल्याने ते मनावर घेऊन सगळा माल माळ्यावर चढवला होता. त्या वर्षी पाऊस इतका कमी झाला की नदीत पोरांनी क्रिकेट खेळायला खेळपट्टी केली, आणि माळा मात्र वजनाने खाली आला. दुसऱ्या कॅसेटमध्ये एक उमेदवार मंत्री होणार होता, त्याचं डिपॉझिट गेलं. एका शिक्षकाला त्यांनी सांगितलं होतं की तुमची हरवलेली म्हैस पूर्वेला सापडेल. म्हैस सापडली पश्चिमेला, तीही त्यांच्याच शाळेच्या मागे. मग ती जुळ्यांची नटी. मग त्यांचा स्वतःचा परदेश दौरा, जो ग्रह अत्यंत अनुकूल असताना रद्द झाला होता, कारण पासपोर्टची मुदत संपल्याचं त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

म्हशीपाशी काकू हसायला लागल्या. पासपोर्टपाशी त्यांना उचकी लागली. मी पाणी आणून दिलं, त्या पाणी पिताना पुन्हा हसल्या आणि पाणी साडीवर सांडलं. मला वाटलं, जिंकले.

"काकू, अजून एक सांगायचंय. त्यांना तुमच्या साखरेचं कळलं ते ग्रहांवरून नाही. मी पाटीवर लिहिलं होतं. सगळ्यांचंच मी लिहिते. चूक माझी आहे." हे बोलताना मला रडू फुटलं.

काकूंनी पदराने तोंड पुसलं. "अगं, ते मला कळलं तेव्हाच. तू फोनवर चौकशा करतेस आणि लगेच तो तेच बोलतो, न कळायला काय झालं? माझी साखर गावभर केलीस ते केलीस, निदान गोळी घेत नाही हे तरी लिहायचं नव्हतंस." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "लिहिलं नाहीस ना?"

"नाही."

"बरं केलंस. शिरीषला सांगू नको."

"म्हणजे तुमचा त्याच्यावर विश्वास नाहीये."

"त्याच्यावर? पासपोर्ट बघता येत नाही त्याच्यावर?"

"मग लग्न का नको?"

काकूंनी टीव्ही बंद केला. खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"माझं लग्न झालं एकोणसाठ साली. सातव्या महिन्यात मामंजी गेले. बहात्तर वर्षांचे होते, टायफॉइड झाला होता. त्यांच्या लेकीनं, इंदूताईनं, दारातच मला सांगितलं, तुझ्या पायगुणानं माझा बाप गेला. पांढऱ्या पायाची. तीस वर्षं, वृषाली. कुणाच्या बारशाला मला पुढं येऊ दिलं नाही. गावातली हजारेक पोरं या हातांनी जन्माला आली, पण घरातल्या बारशाला मी पाळण्याला हात लावायचा नाही." त्यांनी हात माझ्यापुढे धरले. "आता माझा देह हा असा. उद्या गेले, दहा वर्षांनी गेले, काही सांगता येत नाही. पण त्या वर्षात गेले तर? तुझी म्हैस आणि तुझा पूर कुणाच्या लक्षात राहणार आहे? एवढंच राहील, की बुवा बोलला होता, ही आली आणि सासू गेली. मी तर नसेन तुझ्या बाजूनं भांडायला."

मी त्यांना घाबरट समजून चौदा कॅसेट घेऊन आले होते, आणि ही बाई माझ्यासाठी घाबरली होती. माझं त्यांच्यावर त्या क्षणी जे प्रेम बसलं ते शिरीषवरच्या प्रेमापेक्षा कमी नव्हतं. हे मी शिरीषलाही नंतर सांगितलं, त्याने तोंड वाकडं केलं.

"म्हणजे तो खोटा ठरून उपयोग नाही," मी म्हणाले.

"नाही. खोटा तो रोजच ठरतो." काकूंनी एक कॅसेट उचलून हातात फिरवली. मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "वृषाली, समज, एकाच तारखेवर त्याला पाच भविष्यं सांगायला लावली तर?"

"कुणाच्या तारखेवर?"

"माझ्याच. तारीख माझी, वेळ माझी, गाव माझं. बोलणाऱ्या वेगळ्या. तो तारीख ऐकतच नाही ना? पाटी वाचतो. आणि पाटी कुणाच्या हातात असते? गल्ली त्याला एकदा हसली, की मग त्याचं वाक्य तुझ्या अंगावर कोण टाकणार?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारची बाई खिडकीतून डोकावली.

काकूंच्या निवृत्त नर्सेसचा एक गट होता. दर मंगळवारी जमायच्या, रक्तदाब मोजायच्या आणि भजी खायच्या. चौघी लगेच तयार झाल्या. एकीला तर आवाज बदलून बोलायची इतकी हौस होती की तिला आवरावं लागलं. गल्लीत काकूंनी स्वतः घरोघर जाऊन सांगितलं, गुरुवारी अकराला टीव्ही लावा, कागद-पेन्सिल घेऊन बसा, आणि कानावर येईल ती जन्मतारीख लिहून घ्या. शिरीषने अकरा ते बारा वीज जाणार नाही असं सांगितलं. ते अर्थातच खरं ठरलं.

गुरुवार उजाडला. शास्त्रीजी नव्या भगव्या उपरण्यात आले. मी पाटी पुसून ठेवली. मला भीतीपेक्षा गुदगुल्याच जास्त होत होत्या.

पहिला फोन. "जन्म अठरा ऑगस्ट एकोणीसशे अडतीस, पहाटे सव्वाचार, गाव विटा," पलीकडून पढवलेला आवाज आला. मी पाटीवर लिहिलं : इंजिनिअर, परदेशी जायचंय. शास्त्रीजींनी डोळे उघडले. "आपल्याला सातासमुद्रापार जायची ओढ आहे. दिवाळीनंतर अमेरिका नक्की."

दुसरा फोन. अठरा ऑगस्ट अडतीस, पहाटे सव्वाचार, विटा. पाटीवर : मूल होत नाही. "देवीची ओटी भरा. वर्षाच्या आत आपल्या घरी पाळणा हलेल, आपल्याच कुशीतून," शास्त्रीजी म्हणाले. बाईची तारीख अडतीस सालची आहे हे त्यांच्या कानांवरून वाऱ्यासारखं गेलं. कॅमेऱ्यामागे उमराणीसाहेब जांभई देत होते.

तिसरा फोन. तीच तारीख. पाटीवर : पोलीस भरती. "खाकी वर्दीचा योग आहे. धावण्याचा सराव करा." खालच्या मजल्यावर शिंप्याचं दुकान होतं, तिथे टीव्ही चालू असायचा. तिथून मोठा हशा ऐकू आला. शास्त्रीजींनी भुवया उंचावल्या.

चौथा फोन हौशी बाईंचा. तारीख सांगताना त्या मुद्दाम लाजल्या. पाटीवर : लग्न जमत नाही. "चैत्राच्या आत अक्षता. मुलगा उत्तरेकडचा, गोरा, स्वतःचं वाहन असलेला," शास्त्रीजींनी दिलदारपणे सांगितलं. आता हशा खालूनच नव्हे, समोरच्या चाळीतूनही येत होता. उमराणीसाहेब खिडकीपाशी गेले.

पाचवा फोन. मी पाटी घेतली, रुमालाने स्वच्छ पुसली आणि कोरी परत ठेवली.

"नमस्कार शास्त्रीबुवा. मी द्वारका तांबवेकर. गेल्या गुरुवारी तुम्ही मला मारलंत."

शास्त्रीजींनी पाटीकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदा लोकांना त्यांची नजर कुठे जायची ते नीट दिसलं असणार, कारण ती सैरभैर झाली.

"बुवा, आत्ता चार बायकांनी तुम्हाला जी तारीख सांगितली, ती माझीच. अठरा ऑगस्ट, पहाटे सव्वाचार, विटा. गल्लीनं लिहून घेतलीय. म्हणजे मी अमेरिकेला जाणार, बाळंत होणार, पोलिसात भरती होणार, चैत्राच्या आत गोऱ्या माणसाशी लग्न करणार आणि मरणार. माझी काही हरकत नाही. फक्त क्रम सांगा."

"बाई, ग्रहांची गती सूक्ष्म असते..."

"असू दे की. पण दिवस भरलेल्या बाईला पोलीस धावायला लावतात का? आणि लग्न बाळंतपणाच्या आधी धरू ना? नाहीतर गल्ली काय म्हणेल."

उमराणीसाहेब हातवारे करत माझ्याकडे धावले. फोन तोडायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. त्यांनी हाताने गळा कापल्याची खूण केली. मी मान हलवून नाही म्हटलं. आयुष्यात मी वरिष्ठांना पहिल्यांदा नाही म्हटलं, आणि ते फार सोपं निघालं.

"लाइन खराब आहे," शास्त्रीजी म्हणाले.

"लाइन झकास आहे. मला स्वच्छ ऐकू येतंय. बरं, मरायच्या आधी बाकीची चार उरकायची ना? मग मला बरीच वर्षं लागतील. सुनेला तेवढं सांगून ठेवा."

मी माइक पुढे ओढला आणि लाइव्ह म्हणाले, "सूनच बोलतेय. पाटीवर मी लिहिते, लोकहो. गेल्या गुरुवारची साखरही मीच लिहिली होती." उमराणीसाहेबांनी वायर उपटली.

नोकरी त्याच मिनिटाला गेली. शिरीषने नंतर सांगितलं की अर्धी गल्ली काकूंच्या पुढच्या खोलीत बसली होती. काकूंची तीच नणंद, पाठीमागच्या गल्लीतली इंदूआत्यासुद्धा, स्वतःचा टीव्ही बिघडल्याचं निमित्त काढून, दाराशी येऊन टेकली होती. बाळंतपणाच्या प्रश्नावर ती अशी हसली की तिची कवळी निसटून मांडीवर पडली. वहिनीच्या घरात ती हसल्याचं तोवर कुणी पाहिलं नव्हतं.

शास्त्रीजींचं काही बिघडलं नाही. दोन महिन्यांत ते पुण्याच्या मोठ्या वाहिनीवर दिसू लागले, तिथे पाटी बहुधा मोठी असावी. पण आमच्या गावात काकूंना रस्त्यात थांबवून लोक विचारायचे, "काय द्वारकाबाई, व्हिसा आला का?" मंडईत भाजीवाली म्हणायची, "कितवा महिना?" काकू पोटावर हात ठेवून गंभीरपणे सांगायच्या, "अजून उलट्या सुरू नाहीत."

माघात आमचं लग्न झालं. ते वर्ष आम्ही हसण्यात घालवलं. काकू मला सकाळी उठवायच्या आणि दोघी मिळून चालायला जायचो, त्याला त्या भरतीचा सराव म्हणायच्या. गोळ्याही घ्यायला लागल्या होत्या. मी मनातल्या मनात महिने मोजत होते, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

लग्नाला वर्ष पुरं व्हायला अकरा दिवस कमी होते. सकाळी मटार सोलता सोलता काकू खुर्चीत मागे टेकल्या. मी स्वयंपाकघरातून विचारलं, "पुरतील का एवढे?" उत्तर आलं नाही.

दुपारी घर बायकांनी भरलं. मी भिंतीला टेकून बसले होते. माझी आई गेल्यासारखं मला झालं होतं, आणि तरी नजर बायकांच्या तोंडांवर होती. आता कुणीतरी ते वाक्य बोलणार. ते बोललं गेलं की मग ते तीस वर्षं राहणार, आणि माझ्या बाजूने भांडणारी तिथे आडवी होती.

दारातून इंदूआत्या आली. बायकांनी वाट करून दिली. ती काकूंच्या उशाशी बसली, त्यांचा पदर नीट केला. मग तिने मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं.

"अमेरिका ऱ्हायली," इंदूआत्या म्हणाली. "बाळंतपण ऱ्हायलं, भरती ऱ्हायली, गोरा नवरा ऱ्हायला. चार कामं टाकून ही बया आधी पाचव्यालाच गेली बघा."

कुणीतरी हुंदका दिला, कुणीतरी हसलं, आणि मग दोन्ही इतकं मिसळलं की कोण काय करतंय ते कळेना. मी पदर तोंडात कोंबला. इंदूआत्या उठली, कमरेवर हात ठेवत माझ्यापाशी येऊन बसली आणि माझा हात तिने स्वतःच्या मांडीवर घेतला.

"सकाळधरनं काय खाल्लंस का गं तू?" तिने विचारलं.